ब्रेकच्या दांड्याची दोन मापं

३ फेब्रुवारी, रविवार

टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर आभारी आहे. घाबरू नकोस, मनधरणी करायला लिहीत नाहीये. मला एक माप हवं आहे.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. मी अजून त्याच दुकानात आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर. मागच्या महिन्यात तुमच्या वर्कशॉपकडून एक गिअरपेटी परत आली, आम्ही चुकीची पाठवली म्हणून. सोबतच्या चिठ्ठीवर सही होती, आणि सहीखाली दोन रेघा आणि एक टिंब. शाळेत असल्यापासूनची तुझी खोड. मालक म्हणाले, "चूक आपली आहे आणि तू हसतोस काय?" मी हसतोय हे मलाच माहीत नव्हतं.

तर काम असं. आमच्या मंडळाचं प्रदर्शन एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आहे. मंडळ म्हणजे शेताची मॉडेलं करणारे आम्ही नऊ खुळे, आणि अध्यक्ष एक निवृत्त मास्तर. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून ते अध्यक्ष. या वर्षी मास्तरांनी फर्मान काढलंय की मनानं रचलेलं शेत चालणार नाही, खरं हवं. बत्तीसास एक या मापानं. म्हणजे बत्तीस इंचांचं एक इंच. मी आपलं जुनं अंगण करतोय. कोठार, शेड, पाण्याचा हौद, उतार आणि खालचं फाटक. शेत विकून आम्हाला अकरा वर्षं झाली. आता दुकानाच्या मागच्या गल्लीत तीन खोल्यांत राहतो, त्यामुळे मोजायला जायची सोय नाही. पण माझ्या जुन्या वह्यांत जवळजवळ सगळं आहे. तू म्हणायचास ना, दादाला जेवायला वाढलं तरी आधी ताट मोजेल.

नाही ते फक्त एक. आपला रेडा, ते निळं धूड ट्रॅक्टर, उतारावर उभा केला की मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचो. तो तू कापला होतास. किती बाय किती होता? ठोकळ्याचं विचारतोय म्हणून भलतंसलतं मनात आणू नकोस. तो नसला तर उतार खोटा वाटतो, एवढंच.

बाबा ठीक आहेत. चाकांच्या खुर्चीत असतात. सकाळी सहाला मी त्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवतो आणि रात्री परत. मॉडेलचं टेबल त्यांच्याच खोलीत मांडलंय, कारण उजेडाची खिडकी तिथेच आहे.

रस्त्यानं दिसलेल्या ट्रॅक्टरांची आपली वही चालू आहे. दोघांनी पाहिला तरच नोंद, हा तुझा कायदा. तू सात वर्षांचा होतास आणि मी चौदाचा. मी एकट्यानं पाहिलेला तीनचाकी लिहिला, तर भर रस्त्यात मला खोटारडा म्हणाला होतास. बाराशे चाळीस नोंदी शाईच्या आहेत. तू गेल्यापासून मी पेन्सिलीनं लिहितो.

दादा

२४ फेब्रुवारी, रविवार

टिल्लू,

उत्तर नाही. बरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या घराण्याला पहिल्यापासून लागू आहे.

मी लिहितोच, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगून उपयोग नाही. सोमवारी मी रेडा पाहिला. आपलाच. दुकानासमोरच्या रस्त्याचं काम चाललंय, तिथे पाण्याची टाकी ओढत होता. रंग पिवळा मारलाय, अगदी हळद लागलेल्या नवरदेवासारखा. पण डाव्या मडगार्डला तो पोचा आहे, तू कोठाराच्या खांबाला घासलास तो. मी गिऱ्हाइकाला फॅनबेल्ट हातात देऊन तसाच काउंटर सोडून पळालो. इंजिनवरचा नंबर पुसून पाहिला. तोच! त्याचा ड्रायव्हर मला वेडा समजला असणार, पण माणूस बोलका निघाला. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ब्रेक कसा आहे?" तो म्हणाला, "गाडी जुनी झाली साहेब, पण हिचा हँडब्रेक एकदा ओढला की हत्ती लोटला तरी जागची हलायची नाही. आपोआप तर कधीच सुटत नाही."

घरी हे बोललो नाही.

तुझी वहिनी, जिला तू पाहिलेलं नाहीस, मागचं पत्र वाचून म्हणाली, "भावाला पत्र लिहिलंय की दुकानाचं कोटेशन?" तिला एवढंच माहीत आहे की तू भांडून गेलास. भांडण कशाचं, ते ती आठ वर्षांत दोनदा विचारून गप्प बसली.

मॉडेल झकास होतंय. कोठाराचे पत्रे मी डब्याच्या पत्र्याला नखानं रेघा ओढून केलेत. हौदावरचं शेवाळ म्हणजे वहिनीचा जुना स्वेटर कातरून. बाबा दिवसभर बघतात. सुरुवातीला नुसतं बघायचे. आता सूचना येतात. फाटक डावीकडे सरकव, कोठाराचं दार बाहेर उघडायचं, तू आत का उघडलंस. चौदा वर्षांत ते माझ्याशी इतकं बोललेले नाहीत. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

मग गुरुवारी मी रेडा शेडमध्ये ठेवला, तर म्हणाले, "तिथे नाही. उतारावर ठेव."

मी म्हटलं, "बाबा, शेडमध्ये शोभून दिसतो."

"शोभेसाठी करतोयस का? खरं करायचंय म्हणालास ना? उतारावर ठेव, तोंड वर करून. आणि ब्रेकचा दांडा खाली दाखव. त्या दिवशी होता तसा. माप म्हणजे माप."

दोन इंचांची मूर्ती करायची, फाटकापाशी. ती त्यांची. असं सगळं त्यांनी ठरवलंय, आणि प्रदर्शनाला खुर्चीतून स्वतः येणार आहेत. लोक विचारतील तेव्हा सांगणार आहेत की धाकट्यानं ब्रेक न ओढता ट्रॅक्टर उतारावर सोडला, आणि बापाचे दोन्ही पाय गेले.

त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. पण हे तुला कळलेलं बरं, म्हणून लिहिलं. ठोकळ्याचं माप कळव.

दादा

११ मार्च, सोमवार

टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी दोन ओळी. "ठोकळा नऊ इंच बाय सहा, जुन्या वाशाचा. ब्रेक मी ओढला होता."

नऊ बाय सहा म्हणजे बत्तीसास एकच्या मापानं सात मिलिमीटर बाय पावणेपाच. काडेपेटीतल्या दोन काड्या चिकटवून कापला. छान बसला.

दुसऱ्या ओळीचं काय करू? ती तू तेव्हाही म्हणालास, दवाखान्याच्या जिन्यात, बाबांच्या खाटेशी, आणि घर सोडताना फाटकात. एकोणीस वर्षांचा होतास आणि प्रत्येक वेळी आवाज चढवून म्हणालास, म्हणून कुणाला पटलं नाही. मी आवाज चढवला नाही. बाबांनी मला विचारलं, "तू आधी पोचलास. दांडा वर होता की खाली?" मी म्हटलं, "खाली." तो खालीच होता. मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही, टिल्लू. कुणीही तपासून घ्यावं.

मग बाबा तुला म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहू नकोस. ते त्यांनी म्हटलं, मी नाही. आणि तू गेलास तोही स्वतःच्या पायांनी. मी तुला घालवलं नाही. मागे राहून सगळं मीच केलं. त्यांचं अंथरूण, त्यांची औषधं, शेताची विक्री, त्यांचे टोमणे. तू तिकडे मोकळा होतास. मला कुणी विचारलं का, की दादा, तुला कुठे जायचंय?

वाचून पाहिलं. फाडणार होतो. राहू दे, असाही मी आहे हे तुला कळू दे.

बाबांनी काल चिमटा हातात घेऊन मॉडेलमधला दांडा स्वतः खाली केला. मग माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. मला तिथे उभं राहवेना. चहा आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा न करताच परत आलो.

दादा

२० मार्च, बुधवार

टिल्लू,

आज दुकानातून सुट्टी घेतली. मला ताप आहे असं मालकांना सांगितलं. बाबा आणि वहिनी दवाखान्यात तपासणीला गेलेत. घरात मी, टेबल आणि मापांची जुनी वही.

वहीत त्या दिवसाच्या पानावर दोन ओळी आहेत. ब्रेकचा दांडा, वर असताना मडगार्डपासून साडेअकरा इंच. खाली असताना चार. आणि तारीख.

तू रेडा उतारावर लावलास, ब्रेक ओढलास, ठोकळा घातलास आणि जेवायला आत गेलास. मी हे पाहिलं. मी फूटपट्टी घेऊन वाटच बघत होतो, कारण रेडा कधी मोकळा मिळायचा नाही. मला त्याचं मॉडेल करायचं होतं आणि त्यात दांडा हलता ठेवायचा होता. वर असतानाचं माप घेतलं. मग खटका दाबून दांडा खाली केला. रेडा बोटभर मागे सरकला आणि ठोकळ्यावर टेकला. मला वाटलं, ठीक आहे, ठोकळा आहे. खालचं माप घेतलं, लिहिलं. दांडा वर ओढायला हात घालणार, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

एका सिलिंडरचा. ठक, ठक, ठक, मध्ये एवढी जागा सोडून की आता बंद पडतो असं वाटावं. असा इंजिनाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी उडी मारून कुंपणाशी पळालो. आणि ओरडलो, "टिल्लू, ये, लवकर ये!" कारण दोघांनी पाहिला तरच नोंद. तू घास तोंडात घेऊनच धावत आलास. आपण दोघं कुंपणाला छाती टेकून उभे राहिलो. करडा रंग, उघडं मोठं चाक बाजूला फिरत होतं, आणि चालवणारा म्हातारा आपल्याकडे बघून टोपी काढून हसला. तू माझ्या खांद्यावर बुक्की मारलीस. तुला आठवत असणारच. नोंद क्रमांक बाराशे चाळीस.

आपली पाठ अंगणाकडे होती. बाबा कोठारातून आले, त्यांना रेडा खाली न्यायचा होता. ते चढण्याआधी नेहमी ठोकळा काढून घ्यायचे. ब्रेक लावलेला आहे की नाही हे त्यांनी वाकून पाहिलं नाही. तू लावलायस म्हणजे लावलायस, एवढा त्यांचा तुझ्यावर भरवसा होता. हे मी तुला आत्ता सांगतोय.

पोचलो मी आधी, तू मागून. मी दांडा पाहिला. फाटक आणि चाकाच्या मध्ये बाबा होते आणि मी आधी दांडा पाहिला, टिल्लू. वर ओढून टाकावा असंसुद्धा मनात आलं. तेही केलं नाही. मग बाबांनी विचारलं, आणि मी खरं तेवढंच बोललो. पुढे रोज वाटायचं उद्या सांगू. तू गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग, पोरगा गेलाच. मग त्यांना उचलायला लागलो आणि वाटलं, हे करतोय ना, मग फिटेल.

ते फिटत नाही. मी भित्रा होतो आणि अजून आहे. तुझी तरुण वर्षं माझ्यामुळे परक्या ठिकाणी गेली. आईविना वाढलेल्या पोराचा बाप मी काढून घेतला. माफ कर असं लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

बाबांना सांगणार आहे. प्रदर्शनाच्या आधी. या वेळी तारीख घालतो, म्हणजे पळता येणार नाही. ७ एप्रिल, रविवार.

दादा

८ एप्रिल, सोमवार

टिल्लू,

सांगितलं.

वहिनीला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि मला हे लग्नाआधी का नाही?" मग उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेली. पण सकाळी मी बाबांच्या खोलीत गेलो तेव्हा दाराशी येऊन उभी राहिली.

बाबांना खुर्चीत बसवलं, खिडकीपाशी नेलं, आणि वहीचं ते पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. दोन्ही आकडे वाचले, तारीख वाचली. मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं.

त्यांनी खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खालचं माप घ्यायला किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट."

"आणि दांडा परत वर करायला किती लागला असता?"

"दोन सेकंद," मी म्हणालो.

ते म्हणाले, "पाय गेले ते गेले. अपघात कुणाच्याही हातून होतो. तुझ्याही झाला, त्याचं मी काही म्हणत नाही. पण माझ्या तोंडून पोराला हाकलून दिलंस. चौदा वर्षं मी त्याचं नाव घेतलं नाही, आणि तू रोज सकाळी मला उचलताना माझ्या तोंडाकडे बघत होतास." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी पाय धरायला वाकलो, तर म्हणाले, "तिथे काय धरतोस? तिथे मला कळत नाही."

टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मॉडेल आहे तसंच न्यायचं. दांडा खालीच राहू दे. फक्त तुझी मूर्ती कर आणि रेड्यावर बसव, फूटपट्टी घेऊन. लोकांनी विचारलं तर तू सांगायचंस." ती करतोय. फूटपट्टी टाचणी ठोकून चपटी केली आहे. रविवारी हॉलमध्ये मीच बोलणार.

रात्री झोपवायला गेलो तर त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले. "तू हात लावायचा नाहीस. तू उचलत होतास ते माझ्यासाठी नव्हे." समोरच्या गल्लीतल्या वेल्डरला बोलवावं लागलं. तो धडधाकट आहे, पण त्याला माहिती नाही, त्यानं डावा पाय लोंबकळत ठेवला आणि कमरेवर ताण येऊन बाबा कळवळले. मी दाराबाहेरून ओरडून सांगत होतो. आज सकाळीही तसंच. मग बाबा वेल्डरला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. माझा धाकटा येईल, तो उचलेल. तोवर मी खाटेवरच बरा." वहिनीनं समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांनी तुझं नाव घेतलं, टिल्लू. पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावरचं.

तू यावंस असं सांगायचा हक्क मला नाही. आलास आणि मी घरात नको असेन तर मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहीन, मालकांशी बोललोय. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. पण आलास तर उचलणं तुला जमायला हवं, आणि मी खोलीत नसेन. म्हणून लिहून देतो.

खुर्ची खाटेला चिकटवून लाव, उजव्या बाजूनं. खुर्चीला दोन ब्रेक आहेत, दोन्ही लाव. लावल्यावर खुर्ची हलवून बघ. मी रोज दोनदा बघत आलोय.

त्यांना आधी कुशीवर घे, मग बसतं कर. लगेच उचलू नकोस, त्यांना चक्कर येते. शंभरपर्यंत आकडे मोज, पण मनात. मोठ्यानं मोजलेलं त्यांना आवडत नाही.

तुझा उजवा हात त्यांच्या पाठीमागून काखेत. डावा दोन्ही गुडघ्यांखाली, आणि डावा पाय अंगठ्यानं आत दाबून धर, तो निसटतो. ते तुझ्या गळ्यात हात टाकतील. डावा हात आधी टाकतात. तू माझ्यापेक्षा उंच आहेस, तेव्हा गुडघ्यात जास्त वाकावं लागेल. वजन त्रेपन्न किलो आहे. उचलशील तेव्हा कमी वाटेल.

खुर्चीत ठेवल्यावर चटकन बाजूला होऊ नकोस. ते हात लगेच सोडत नाहीत. मला वाटायचं तोल सावरतात म्हणून. त्यांना हवं तेवढा वेळ तसाच वाकून राहा.

दादा